चौथीच्या वर्गात झोळी

पणदरे
८ डिसेंबर १९९६

दर्शने, जयभीम.

तुझं पाकीट मिळालं. चार पानं लिहिलीस, त्यात साडेतीन पानं रडगाणं. मी दुसरी शिकलेली बाई, उन्हाला बसून येकेका अक्षरावर बोट ठिवून वाचत बसले, तवर म्हशीनं दावं तोडून शेजाऱ्याच्या घासात तोंड घातलं. तुझ्यापायी मला त्याच्या शिव्या बसल्या.

सहा तारखेला बाबासाहेबांना वंदन करायला दादरला गेलेला तुझा बाप काल आला, पाय सुजवून. त्याला पत्र दावलं न्हाय. माझा भानुदास तर गावभर सांगत सुटलाय, माझी प्रियदर्शनी मास्तरीण झाली, आमच्या घरातली पयली सरकारी नोकरी. त्याला कुठल्या तोंडानं सांगू, मास्तरीण सहा महिन्यांतच टेकीला आली?

मला कळलं त्ये असं. कळंबजवळ वस्तीवरची शाळा, खोल्या दोन. तिसरी आन् चौथी मिळून तुझ्या येका खोलीत छप्पन पोरं, वर उसतोडीला आलेल्यांची अकरा. मागची पोरं भांडत्यात, राजेश्वरी नावाची पोरगी दिवसभर बडबडती, तू वरडतीस, मंग पोरं तुझ्यापरीस जास्ती वरडत्यात. आन् इंदापूरला साहेबांनी तीन दिवसांचं शिबिर घेऊन तुमच्याकडनं टाळ्या वाजवून घेतल्या आन् तक्ता दिला, की पोरांना गुंतवून ठेवा, स्वतः प्रसन्न राहा.

प्रसन्न राहा! त्या साहेबाला म्हणावं, येक दिवस कांद्याच्या वाफ्यात तीस बायका खुरपायला घाल आन् प्रसन्न राहून दाव.

मी चाळीस वर्सं खुरपणीच्या बायका चालवल्या. शाळंतलं मला कळत न्हाय, पर ज्यांना काम नगं असतंय त्यांच्याकडनं काम कसं घ्यायचं त्ये कळतं. तवा रडणं बंद कर आन् सरळ लिही. तू वर्गात कुठं उभी राहतीस, दुपारची भाकरी खाल्ल्यावर काय शिकवतीस, आन् शाळंत पाणी कितीदा पितीस?

तुळसा आज्जी


कळंब
१५ डिसेंबर १९९६

प्रिय आज्जीस, सप्रेम जयभीम.

तू विचारलंस म्हणून लिहिते. नाहीतर पाणी किती पितेस हा काय प्रश्न झाला?

मी टेबलापाशी उभी असते. तिथून सगळा वर्ग दिसतो. दुपारच्या सुट्टीनंतर गणित असतं. वेळापत्रक आबाजी गुरुजींनी बसवलंय, ते मुख्याध्यापक आहेत आणि तेवीस वर्षं तेच वेळापत्रक आहे. दुपारी पोरं पेंगतात किंवा मारामाऱ्या करतात. मधलं काहीच नाही.

पाणी मी शाळेत पीत नाही. शाळेला संडास नाही, मुतारी नाही. गुरुजी उसात जातात. मी कुठे जाऊ? शेजारी प्रयागबाईंचा बंगला आहे, त्यांच्याकडे संडास आहे. पण ते मोठे बागायतदार, आणि आपण कोण हे त्यांना ठाऊक आहेच. कसं विचारायचं? ती बडबडी राजेश्वरी त्यांचीच नात.

आणि आज्जी, शाळा म्हणजे खुरपणी नव्हे. इथे मन लागतं.

तुझी,
प्रियदर्शनी


पणदरे
२१ डिसेंबर १९९६

दर्शने,

व्हय, खुरपणीला मन लागत न्हाय. दगड लागतो. शिकलेली तू.

साडेदहा ते पाच पाणी पीत न्हाईस आन् वर वरडतीस. म्हशीला दोन दिवस पाणी दावलं न्हाय तर ती लाथ मारती. तू लाथ मारत न्हाईस, रडतीस, येवढाच फरक. उद्याच्या उद्या त्या प्रयागबाईच्या दारात जा आन् सरळ इचार. फार तर न्हाय म्हणंल. न्हाय ऐकून कुणी मरत न्हाय. मी ऐकत ऐकतच म्हातारी झाले.

आता ऐक. बांधावर उभी राहून वरडणाऱ्या मुकादमणीला बायका कवाच भीत न्हाईत. निस्त्या हसत्यात, आन् दिस मावळंस्तवर तिचाच घसा जातो. तुझं टेबल म्हंजी बांध. खाली उतर. रानात परत्येक बाईला येक पट्टा नेमून देत्यात, त्याला पाथ म्हणत्यात. मी माझी पाथ धरायची, सगळ्यांच्या मधली. मग कुणाचं खुरपं चालतंय आन् कुणाचं तोंड, न बघता कळायचं.

सावकाशीच्या बाईला कडंला टाकायची न्हाय, दोन चपळ बायकांच्या मधी घालायची. आन् जिची पाथ आधी उरकली तिनं बांधावर जाऊन मिसरी लावायची न्हाय. माघारी वळायचं, मागं राहिलेलीच्या पाथंत समोरनं शिरायचं. दोघी मधी भेटल्या की पाथ संपली. त्यात उपकार न्हाय, रीत हाय.

भाकरी खाल्ल्यावर कुठलीबी मुकादमीण कांद्याचा वाफा देत न्हाय. कांद्याचं बारीक काम सकाळच्या पारी. दुपारी गाणी म्हणत उरकंल असलं मोकळं रान. आन् तू दुपारी गणित काढतीस! आबाजी गुरुजीला म्हणावं, तेवीस वर्सं चुकत आलास, आता दमला असशील.

आज्जी


कळंब
२ जानेवारी १९९७

प्रिय आज्जीस, सप्रेम जयभीम.

मानलं तुला. गणित सकाळी घेतलं. गुरुजी आधी 'वेळापत्रक छापील आहे हो बाई' म्हणत राहिले, मग त्यांना म्हटलं तुमच्या पहिली-दुसरीलाही दुपारी गाणी घ्या, तेव्हा लगेच कबूल झाले. दुपारी त्यांनाही डुलकी लागते.

पाथेचं पण केलं. ज्याची उदाहरणं आधी झाली त्याने मागे राहिलेल्याच्या पाटीत शेवटून सुरू करायचं. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. राजेश्वरी मदत कमी आणि टोमणे जास्त मारत होती. आता बरं चाललंय. प्रयागबाईंकडे अजून गेले नाही. जाईन.

आणि एक युक्ती मी स्वतः काढली, ती तुला सांगायचीच होती. उसतोडीवाल्यांत झुंबर म्हणून दहा वर्षांची मुलगी आहे. हुशार आहे, पण कडेवर आठ महिन्यांचा भाऊ घेऊन येते. आईबाप पहाटेच फडात जातात, तेव्हा त्याला ठेवणार कुठे? तो रडला की वर्ग संपला. मग मी तिला पडवीत पोतं टाकून बसवलं. वर्ग शांत, बाळ मोकळं, आणि तिला खिडकीतून फळा दिसतो. गुरुजीसुद्धा म्हणाले, बाई, छान तोडगा काढलात.

तुझी,
प्रियदर्शनी


पणदरे
७ जानेवारी १९९७

प्रियदर्शनी,

खिडकीतून फळा दिसतो व्हय?

मी दुसरी शिकले म्हणून सांगते, त्ये कुठं बसून शिकले त्ये तुला कवा सांगितलं न्हाय, कारण सांगण्यासारखं काय न्हवतं. आमाला शाळंच्या पडवीत बसवायचे. पोतंबी आपलंच न्यायचं. गुरुजी बाहेर यायचा न्हाय, लांबनं पाटी बघायचा. खिडकीतून फळा दिसायचा, पर डाव्या अंगाचाच. 'बे चोक' येवढं दिसायचं, पुढचे आठ भिताडाआड. दोन वर्सं मी निस्ते सवालच शिकले. जबाब पुढं बाजारात शिकले, ठोकरा खाऊन.

आता माझी नात, पगारी मास्तरीण, दुसऱ्याच्या लेकीला पडवीत बसवती आन् मला युक्ती म्हणून लिहिती. गुरुजी छान म्हणाला? आमच्या गुरुजीलाबी छानच वाटायचं. वर्ग शांत असायचा.

तू आकसानं केलं न्हाईस, मला ठाव हाय. तू सोयीनं केलंस. त्यानंबी सोयीनंच केलं असंल.

उद्या शाळा भरायच्या आधी त्या पोत्यावर जाऊन बस आन् फळा बघ. मंग मला लिही, किती दिसला.

आन् पोराचं काय करायचं त्येबी रानात कवाच ठरलंय. तान्ही पोरं घेऊन आलेल्या बायकांना मी कवा माघारी धाडलं न्हाय. येक झाड बघायचं, झोळ्या बांधायच्या, येक जणीला राखण बसवायची आन् तिचीबी पाथ धरायची. ती खुरपत न्हाय, पर तिची पाथ आमी बाकीच्यांनी वाटून काढायची. राखण हेबी कामच हाय. तुझ्या तक्त्यात त्ये लिहिलेलं नसंल.

तुळसा


पणदरे
२१ जानेवारी १९९७

दर्शने,

दोन आठवडे झाले, तुझा कागद न्हाय.

रविवारी तुझ्या बापानं तुमच्या तिकडच्या डेअरीत फोन लावला. तुला बोलावून आणलं, तू फोन कानाला लावलास, येक शब्द बोलली न्हाईस आन् ठिवून दिलास. भानुदास घरी आला त्यो तोंड पाडून. त्याला वाटतंय, बारामतीच्या सोमनाथचं स्थळ दावलं त्याचा तुला राग आला. मला ठाव हाय कशाचा राग हाय. माझ्या पत्राचा.

तर ऐकून ठिव. मी लिहिलेलं माघारी घेत न्हाय. रुसायचं तर रूस, पर बापावर कशाला? त्यानं काय केलं? त्यो तर अजून लोकांना पेढेच वाटतोय.

दोन ओळी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालंल.

आज्जी


कळंब
२५ जानेवारी १९९७

प्रिय आज्जीस, सप्रेम जयभीम.

रुसले नाही. माझा आवाज गेलाय.

नाताळापासूनच घसा बसला होता, तुला लिहिलं नाही. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण गेला. इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठी आल्यात, महिनाभर बोलायचं नाही, कुजबुजायचं सुद्धा नाही. पाणी भरपूर प्या म्हणाले. तुला हसू येत असेल. फोनवर बाबांचा आवाज ऐकून रडू आलं, तेही आवाज न करता. म्हणून ठेवला.

पोत्यावर बसले होते. उजवी बाजू दिसते, डावी दिसत नाही. झुंबरला फक्त उत्तरं दिसत होती. तिला त्याच दिवशी आत घेतलं. पण बाळ रडतं, मला ओरडता येत नाही, वर्ग हातात राहिला नाही. गुरुजी काठी घेऊन येतात, पाच मिनिटं शांत, मग पुन्हा तेच. रजा मागितली तर बदली शिक्षक नाही म्हणतात.

आज्जी, मला हे जमणार नाही. ज्या बाईला पडवी कळली नाही तिने फळ्यापुढे उभंच राहू नये. राजीनामा लिहिलाय, सोबत आहे. बाबांना तू दाखव, माझं धाडस होत नाही. दाखवून लगेच परत पाठव. दहा फेब्रुवारीला विस्तार अधिकारी साहेब तपासणीला येणार आहेत, त्यांच्याच हातात देईन.

तुझी,
प्रियदर्शनी


पणदरे
३० जानेवारी १९९७

दर्शने,

हसू आलं न्हाय. शेवया भाजत होते, त्या करपल्या.

तुझा राजीनामा वाचला. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलंस. वैयक्तिक म्हंजी काय? खरं कारण लिही की, पोरं बडबडी हाईत आन् आज्जी खडूस हाय. अर्ज माझ्या पिठाच्या डब्याखाली हाय. दहा तारखेच्या आधी माघारी पाठवणार न्हाय. तुला दुसरा लिहायचा तर लिही, तुझा हात काय मी धरला न्हाय.

चूक केलीस, कबूल केलीस, पोरगी आत घेतलीस. आमच्या गुरुजीनं तिन्हीतलं येकच केलं हुतं. आता लगीच नोकरी सोडून मोकळी व्हायला निघालीस, म्हंजी झुंबरला पुन्हा काठीवाल्या गुरुजीच्या हवाली. वा गं वा.

मुकी मुकादमीण म्हंजी उलट बरं. मला येक साल गालफुगी झाली हुती, आठ दिस तोंड उघडलं न्हाय, बायकांनी कवा न्हाय येवढं रान काढलं. त्यांना वाटलं, म्हातारी लई चिडली. हातानं दाव, फळ्यावर लिही. बोलायचं काम त्या राजेश्वरीला दे. तिला नाहीतरी बोलल्याबिगर राहवत न्हाय. तू लिही, तिनं वाचून सांगायचं.

शनवारी तुझा बाप येतोय. आवाजाचं त्याला सांगितलंय, राजीनाम्याचं न्हाय. त्याच्याकडं माझं जुनं लुगडं देतीया. इरलंय पर धड हाय. वर्गात आढ्याला झोळी बांध. झोळीला दोरी, दोरीचं दुसरं टोक शिकणाऱ्या येका पोराच्या पायाच्या अंगठ्याला. पाय हलवायचा, हात लिहायला मोकळे. आमी अशीच दळणं निवडली. अंगठा रोज बदलायचा. झुंबरचाच रोज असला तर तिला पुन्हा पडवीतच बसवल्यासारखं हाय, ध्यानात ठिव.

आन् प्रयागबाईकडं गेलीस का?

आज्जी


कळंब
१२ फेब्रुवारी १९९७

प्रिय आज्जीस, सप्रेम जयभीम.

आता थोडं बोलता येतं, पण लिहिते.

झोळी बाबांनीच बांधली. टेबलावर चढले आणि आढ्याला तीनदा ओढ देऊन बघितली. पोरं बघत होती. दोरी कुणाच्या अंगठ्याला हे मी फळ्यावर लिहिणार, तेवढ्यात राजेश्वरीने पाय पुढे केला. "बाई, आधी मी." आणि आज्जी, बाळ झोपलं. ते झोपल्यावर राजेश्वरीने मागच्या बाकड्यांकडे वळून डोळे वटारले आणि म्हणाली, "मुडद्यांनो, उठलं तर तुमीच पुसा त्याचं." त्या दिवसापासून वर्ग कुजबुजतो. भांडणंसुद्धा कुजबुजत होतात. मी लिहिते, राजेश्वरी हळू आवाजात सांगते, आणि मला ओरडायची गरजच पडत नाही.

त्याच दुपारी माझी संडासाची अडचण ओळखून तिने मला हाताला धरून घरी नेलं. प्रयागबाई ओट्यावर होत्या. म्हणाल्या, "आठ महिने पोटात धरून बसलात? तोंड नव्हतं व्हय?" तूच बोलतेयस असं वाटलं. आता रोज जाते. चहाही होतो. पहिल्या दिवशी कप वेगळा होता. तिसऱ्या दिवशी राजेश्वरीने तो फोडला. चुकून, असं ती म्हणते.

परवा साहेब आले. बूट वाजवत आत शिरले आणि पोरं मोठ्याने नमस्ते म्हणतील म्हणून उभे राहिले. पोरं उभी राहिली, पण एकूण एक बोट ओठांवर. "शूऽऽ." साहेबांनी वर झोळीकडे बघितलं आणि कुजबुजले, "हा काय प्रकार आहे?" गुरुजीही कुजबुजले, "साहेब, मूल आहे." साहेबांनी साताचा पाढा विचारला. झुंबर फळ्यापाशी आली आणि पूर्ण लिहून गेली, डावीपासून उजवीपर्यंत. त्या दिवशी दोरी मागच्या बाकड्यावरच्या पोराच्या अंगठ्याला होती.

तरीही शेरेबुकात लिहून गेलेच. 'वर्गात झोळी टांगलेली आढळली. शिक्षिकेने आठ दिवसांत लेखी खुलासा करावा.'

अर्ज तुझ्याकडे होता म्हणून दिला नाही. जवळ असता तर दिला असता का, मला खरंच सांगता येत नाही. तो परत पाठव. फाडू नकोस. समोर ठेवून एकदा नीट विचार करायचाय. आणि खुलासा काय लिहू?

तुझी,
प्रियदर्शनी


पणदरे
१७ फेब्रुवारी १९९७

दर्शने, जयभीम.

खुलासा असा लिही. 'झोळी आढळली, कारण झोळीत पोर हुतं. पोर आढळलं, कारण त्याची बहीण शाळंत आढळली. बहीण शाळंत आढळू नये असं साहेबांचं म्हणणं असंल, तर तसं लेखी द्यावं, म्हंजी झोळी सोडतो.' भाषा तुझी शुद्ध घाल, मतलब बदलू नगंस. खाली आबाजी गुरुजीची सही घी. त्यो घाबरंल. दुपारची डुलकी आठवून दे.

साहेबाचा राग धरू नगंस. पोर झोपलंय म्हणून त्योबी कुजबुजला न्हवं? बूट वाजवणाऱ्या माणसाकडनं येवढं लई झालं.

त्या राजेश्वरीला सांग, कप फोडला त्ये बरं केलंस, पर दुसरा फोडू नगंस, सवय लागती.

तुझा बाप तितनं आल्यापास्नं निस्ता झोळीचंच सांगतोय. पयल्यांदा पगार सांगायचा, आता झोळी. कान किटले माझे. त्या सोमनाथच्या घरीबी जाऊन त्येच सांगून आला, त्यांना वाटलं पोरीला पोर झालं. आता तुझं तू निस्तर.

उसाचा हंगाम सरून कारखान्याचा पट्टा पडला की झुंबरची माणसं गावाकडं जातील. लुगडं तिला दे. दिवाळीनंतर ती पाचवीच्या वयाची होऊन यील, कडंवर आणिक येखादं आसंल. तवा फळ्यापुढं तूच दिसाय पाहिजेस. न्हायतर लुगडं मी माघारी मागीन, आन् मी मागते तवा लाजत न्हाय.

पाणी पी.

तुळसा आज्जी

ता. क. तू मागितलेला अर्ज पाठवलाय. कागद उलटा कर. घरात दुसरा कोरा कागद न्हवता.